पाव क्लिक

(पडदा काळा. फक्त आवाज : खट्. खट्. खट्.)

घड्याळाला कुणीतरी चावी देतंय, असं वाटेल.

(उजेड. अंगठा, तर्जनी आणि मधे काळी घुंडी.)

घुंडी शेंगदाण्याएवढी. कडेला बारीक रेघा, बोट सटकू नये म्हणून. ती बसलीय एअर रायफलच्या मागच्या साइटवर. नेम धरताना डोळ्यासमोर जी काळी डबी येते ना, ती. एक खट् म्हणजे एक क्लिक. एका क्लिकला त्या डबीतलं भोक जेवढं सरकतं, तेवढं आपल्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. कॅमेऱ्यालाही दिसलं नाही. आम्ही तीनदा प्रयत्न केला.

(सिंहगड रस्ता, सोसायटीचं तळघर. एका भिंतीला टेबल, समोरच्या भिंतीला दिवा आणि पुठ्ठा.)

टेबलापासून पुठ्ठ्यापर्यंत दहा मीटर. पुठ्ठ्यावर छापील कागद, कागदावर काळा गोल, साडेतीस मिलिमीटरचा. त्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, आणि दहा गुण तिथे. ज्या छर्ऱ्यानं तो टिपायचा तो साडेचार मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. पण अगदी मधोमध मारायचा, म्हणजे टिकलीवर लिंबू ठेवून टिकली बरोबर मधोमध आली पाहिजे, असं म्हणण्यासारखं आहे.

(मुलगी जॅकेटचे बंद आवळते. रायफल उचलते. गाल लाकडाला टेकतो.)

ही कॉलेजात आहे. वडगावहून पीएमपीनं येते, रायफल पाठीवर. रायफल तिसऱ्या हाताची, साइटही तिसऱ्या हाताची. डबीत डोळा लावला की तिला काय दिसतं, ते आता आपण बघू.

(भोकातून घेतलेलं दृश्य.)

मागचं गोल भोक. त्यात पुढच्या साइटचं गोल कडं. कड्यात काळा गोल. एकात एक तीन वर्तुळं, आणि सगळ्यांच्या मधलं पांढरं अंतर सगळीकडून सारखं. माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसतं. पण बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. चष्मा विसरलेला माणूस मुठीच्या फटीतून बसचा नंबर वाचतो, तसंच. पिस्तूलवाल्यांना ही सोय नाही. त्यांच्या मागच्या साइटला भोक नसतं, चौकोनी खाच असते. तिथे नजर पुढच्या साइटवर ठेवायची, आणि खाच नि टारगेट दोन्ही धूसर राहू द्यायचे.

(जुना वाडा. भिंतीवर तोड्याची बंदूक.)

ही बंदूक एका ओळखीच्यांच्या वाड्यातली. तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची. नळीवर मागे एक खाच, पुढे एक बारीकसा उंचवटा. जुनी माणसं या पुढच्या उंचवट्याला माशी म्हणतात. खाच आणि माशी, दोन्ही नळीला कायमची जोडलेली. गोळी डावीकडे जाते असं लक्षात आलं, तर बंदूक बदलत नाही, खाच बदलत नाही, बदलायचं ते माणसानं. नेम थोडा उजवीकडे धरायचा, बस्स. हरेक बंदुकीची खोड वेगळी, आणि ती खोड माहीत असलेला माणूस गेला की बंदूक भिंतीवर जाते.

ती खोड माणसाकडून काढून स्क्रूकडे दिली, की झाली हलवता येणारी मागची साइट. एवढंच आहे ते.

(पुन्हा साइट. बोट घुंडीवर.)

नियम सोपा. छर्रा जिकडे न्यायचाय तिकडे मागची साइट न्यायची. डावीकडे लागतोय? भोक उजवीकडे. खाली लागतोय? भोक वर. पुढच्या साइटचं नेमकं उलट, म्हणून नवशिक्यांचा गोंधळ होतो.

आणि किती हलवायची? मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत या रायफलवर जवळपास ऐंशी सेंटिमीटर. टारगेट दहा मीटरवर. म्हणजे साडेबारा पट. मागे जी चूक, ती पुढे साडेबारा पट होऊन कागदावर पोचते. भोक ०.०८ मिलिमीटर सरकलं, साधारण केसाच्या जाडीएवढं, की छर्रा एक मिलिमीटर सरकतो. आणि दहाचा ठिपका अर्धाच मिलिमीटर, हे विसरू नका.

(खुर्चीत आजोबा. हातात लाकडी फूटपट्टी.)

हे आमच्या शेजारचे आजोबा, निवृत्त फौजी. रायफल अर्थातच नाही, फूटपट्टीवर दाखवतायत. “थ्री नॉट थ्रीला पत्ती असायची. तिच्यावरची कडी सरकवायची. दोन हजार यार्डांपर्यंत आकडे!” दोन हजार यार्ड म्हणजे १,८०० मीटरपेक्षा जास्त. तिथला एकेक माणूस कुणाला दिसणार? पण पूर्वी अख्खी पलटण एकदम लांबवर गोळीबार करायची, त्या काळातले ते आकडे. पुढे आपल्याकडे इशापूरला त्याच घाटाची ७.६२ ची रायफल झाली, तिच्या पत्तीवर ८०० मीटरच राहिले.

आजोबांचं अजून एक वाक्य ठेवलंय, कारण ते आम्हाला आवडलं. “आमचे उस्ताद म्हणायचे, शिस्त लो.” आपण शिस्त म्हणजे वागण्यातली टापटीप समजतो. पण जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. शिस्त धरणे, शिस्त साधणे. फौजेच्या हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे.

(बालेवाडी. क्रीडा संकुलाचं प्रवेशद्वार. सकाळ.)

पुण्यात नेमबाजी म्हटलं की माणूस इथे येतो. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी हे संकुल उभं राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे इथेच सराव करायचा. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर थ्री पोझिशन. ४५१.४ गुण, ब्राँझ.

त्या प्रकारात आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं राहून मारायचं. शरीर बदललं की गाल लाकडावर दुसरीकडे टेकतो, डोळा भोकासमोर वेगळा येतो आणि गोळीची जागा हलते. म्हणून नेमबाज प्रत्येक पोझिशनचे क्लिक वहीत लिहून ठेवतात. प्रोनपासून स्टँडिंगला इतके वर, इतके डावीकडे. मधे मिळतात मोजकी मिनिटं. पदक आपण टीव्हीवर बघितलं, क्लिक मोजताना कुणी बघितलं नाही.

(साइटचा क्लोजअप. घुंडीवर कोरलेलं अक्षर आणि बाण.)

आता हे अक्षर बघा. रोमन एच, शेजारी बाण. चांगल्या साइट बहुतेक जर्मनीहून येतात. अन्शुट्झ आणि वाल्थर उल्म गावचे, फाइनवेर्कबाऊ ओबर्नडोर्फचे. एच म्हणजे जर्मन ‘होख’, उंच. आपण म्हणणार, बाणाकडे फिरवलं की छर्रा वर जाईल. खाली जातो. जर्मन लोक म्हणतात, छर्रा उंच लागत असेल तर इकडे फिरव. अमेरिकन साइटवर ‘अप’ लिहिलं असेल तर फिरवल्यावर खरंच वर जातो. थोडक्यात, जर्मन घुंडीवर आजाराचं नाव आणि अमेरिकन घुंडीवर औषधाचं. तळघरातल्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या स्पर्धेत सरावाच्या पंधरा मिनिटांतली चार मिनिटं ती छर्रा खाली आणायला जाऊन छताकडे पाठवत होती.

(खडकी. दगडी भिंत, वरून झाडं. गाडीच्या खिडकीतून.)

ही भिंत गाडीतूनच दाखवतोय, आत कॅमेरा जात नाही. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पाषाणला शस्त्रसंशोधनाची संस्था एआरडीई, १९५८ साली सुरू झालेली. दीडशे वर्षं या गावाला बंदुकीच्या पोटातलं सगळं माहीत आहे. आणि हिच्या साइटचा तीन मिलिमीटरचा स्क्रू बिघडला, तर विक्रेत्यानं सांगितलं की सुटा भाग येत नाही, पूर्ण साइट घ्या.

(भोसरी एमआयडीसी. अर्धं शटर वर. आत लेथ.)

म्हणून आम्ही इथे आलो.

(काका चष्मा कपाळावर सरकवून दुसरा चष्मा लावतात.)

काका टर्नर. एका मोठ्या इंजिन कारखान्यात बत्तीस वर्षं, आता स्वतःचं हे दहा बाय वीसचं वर्कशॉप. बंदुकीच्या नळीला, घोड्याला हात लावत नाहीत. “ते लायसनवाल्यांचं काम.” हिची एअर रायफल वीस ज्यूलच्या आतली, साडेचार मिलिमीटरची, तिला परवाना लागत नाही. तिचीही फक्त साइट काढून आणलीय, रुमालात गुंडाळून.

“काय होतंय, बाळ?”

“काका, आठ क्लिक डावीकडे दिले तर काहीच होत नाही. नवव्याला एकदम उडी मारते.”

काका घुंडी कानाजवळ नेतात.

(खट्. खट्. मग नुसतंच फिरणं.)

“आट्यात प्ले आहे. आणि छर्रा बसत नाहीये.”

(पांढऱ्या कापडावर सुटे भाग, एकेक करून.)

इथून पुढे आम्ही जवळजवळ काहीच कापलं नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी चहा घेऊन यावं.

हा स्क्रू. हे डबीचं शरीर, अॅल्युमिनियमचं. ही घुंडी, तिच्या तळाशी गोलाकार वीस खाचा. आणि हा छर्रा. कागदाला भोक पाडणारा नाही, सायकलच्या चाकात असतो तसला, मोहरीएवढा, पोलादी. खालून स्प्रिंग त्याला खाचेत ढकलते. घुंडी फिरली की तो एका खाचेतून निघून दुसऱ्या खाचेत पडतो. तोच खट्. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे पूर्ण फेऱ्याला भोक अर्धा मिलिमीटर सरकतं, एका क्लिकला त्याचा विसावा भाग, पंचवीस मायक्रॉन. कागदावर ते होतं साधारण ०.३ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला हे पुरतं.

(चिमट्यात स्प्रिंग. काका हसतात.)

“ही बघा. बॉलपेनची.”

आधीच्या मालकानं कधीतरी मूळ स्प्रिंग हरवली आणि पेनातली कापून घातली. ती इतकी नरम, की छर्रा खाचेत अर्धाच बसतो. आणि पावसाळ्यात या डबीला कुणी तेलाचा थेंब दाखवलेला नाही, खाचांत तांबूस गंज. पण मुख्य दुखणं वेगळं. पोलादी स्क्रू अॅल्युमिनियमच्या आट्यात वर्षानुवर्षं फिरला, त्यानं मऊ आटे खाल्ले. स्क्रू फिरतो, डबी जागची हलत नाही, आधी ती मोकळी जागा भरून निघते. तेच हिचे आठ क्लिक.

(लेथ सुरू. पितळेचा सोनेरी कीस.)

काका पितळेचा बुश करतायत, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी. पितळ का? पोलादाशी त्याचं जमतं, घासलं तरी चिकटत नाही. डबीतलं खाल्लेलं भोक मोठं करायचं, त्यात हा बुश दाबून बसवायचा, मग बुशात तीन मिलिमीटरचा टॅप मारायचा, म्हणजे नवे आटे पाडायचे. बाहेरचा व्यास भोकापेक्षा मिलिमीटरचा एक शतांश जास्त. “दोन शतांश झाला तर डबी फुटेल. सारखा झाला तर फिरेल.”

(मायक्रोमीटर. काका पुसतात, मोजतात. पुन्हा पुसतात.)

तीनदा मोजलं. चौथ्यांदा आम्हाला मोजायला दिलं. आमचा आकडा वेगळा आला. काका काही बोलले नाहीत, मायक्रोमीटर परत घेतला.

(टॅप हातानं फिरतो. पाव फेरा पुढे, थोडा मागे.)

पाव फेरा पुढे, थोडा मागे, कीस तुटायला हवा. मशिनवर नाही का होणार? “होईल की. पण मग टॅप कुठे अडतोय ते हाताला कसं कळणार?”

आटा मुद्दाम किंचित घट्ट ठेवलाय. आता स्क्रूला बारीक पेस्ट लावून तो त्याच आट्यात पुढे-मागे, पुढे-मागे. दोघं एकमेकांना घासून एकमेकांचे होतात. पंचवीस मिनिटं. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेतोय, शेजारी प्रेस धडधडतोय. हे आवाज आम्ही ठेवलेत.

(पियानो वायर खिळ्याभोवती गुंडाळली जाते.)

स्प्रिंग पियानो वायरची, खिळ्यावर गुंडाळलेली. दुसरी एक मोठी स्प्रिंग डबीला कायम एकाच बाजूला ढकलून धरते, म्हणजे उरलासुरला प्लेही एकाच दिशेला दाबलेला राहतो. ती मूळची आहे, शाबूत आहे. काका तिच्याकडे जरा आदरानं बघतात. “जर्मननी ही चांगली केलीय.”

असली साइट इथे नवीन करता येईल का, हे आम्ही विचारलंच. काकांनी आजूबाजूच्या शटरांकडे हात केला. एकाकडे वायरकट, एकाकडे ग्राइंडिंग, कोपऱ्यावर ॲनोडायझिंग. “करणारे आहेत. मागणारं कोण आहे?”

(तळघर. रात्र. रायफल शिकंजात पकडलेली.)

या सगळ्याला अकरा दिवस गेले. तेवढ्यात जिल्ह्याची निवड चाचणी होऊन गेली. ती गेली नाही.

(मुलगी टारगेटकडे. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थोडा थांबतो.)

आता चौकोन. साइट खरी की खोटी, ते ठरवायची ही जुनी पद्धत. रायफल हलणार नाही अशी पकडायची. मग साइटला क्लिक द्यायचे, आणि मारण्याआधी दर वेळी पकड थोडी सरकवून नेम त्याच गोलावर आणायचा.

पहिला छर्रा. चाळीस क्लिक उजवीकडे. दुसरा. चाळीस वर. तिसरा. चाळीस डावीकडे. चौथा. चाळीस खाली. चाळीस क्लिक म्हणजे दोन फेरे, कागदावर सव्वा सेंटिमीटर. चारही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, आणि पाचवा छर्रा पहिल्याच्या भोकातून जायला हवा.

(क्लिक मोजणारे ओठ. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.)

(पाचवा छर्रा. कागद जवळ येतो.)

भोक चारच.

काकांनी कागद दिव्यासमोर धरला. पहिलं भोक पूर्ण गोल राहिलेलं नाही, उजवीकडे नखभर फुगलंय. ती म्हणाली, “काका, बास ना, झालं की!” काकांनी वरचा चष्मा खाली घेतला, कागद तिरपा केला, परत सरळ केला.

“पाव क्लिक खातंय अजून.”

(खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर. रुमाल पुन्हा टेबलावर पसरला जातो.)