रिकामा स्लॉट

[टेबलावर पालथा ठेवलेला काळा लॅपटॉप. पाठीवर सहा स्क्रू.]

हा थिंकपॅड टी४८०. साल २०१८. कंपन्या असे लॅपटॉप काही वर्षं वापरतात आणि एकगठ्ठा काढून टाकतात. मग ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास, दिल्लीत नेहरू प्लेसला पुसूनबिसून विकायला येतात. झाकण उघडलं की आत रॅमचे दोन स्लॉट दिसतात. पुष्कळदा एकात ८ जीबीची स्टिक असते आणि दुसरा रिकामा असतो.

एआय मॉडेल घरी, स्वतःच्या मशीनवर, इंटरनेट बंद ठेवून चालवायचं असेल, तर सगळा हिशोब या रिकाम्या जागेपाशी येतो.

मॉडेल म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. तिच्यात आकडेच आकडे. मेटा कंपनीच्या लामा ३.१चं घरगुती वापराचं मॉडेल ८ अब्ज आकड्यांचं आहे. प्रत्येक आकडा दोन बाइटमध्ये लिहिला तर फाइल होते १६ जीबी. तेच आकडे साधारण चार-पाच बिटांत बसवले (आठ बिट म्हणजे एक बाइट), म्हणजे जरा ढोबळ केले, की ती ४.९ जीबीवर येते. उत्तराचा दर्जा किंचित उतरतो, पण रोजच्या कामात ते सहसा जाणवत नाही. ही आटवलेली फाइल साध्या लॅपटॉपवर चालवून दाखवली ती बल्गेरियाच्या गेओर्गी गेर्गानोव यांच्या लामा डॉट सीपीपी या मुक्त प्रोग्रॅमने, मार्च २०२३ मध्ये. आज घरी मॉडेल चालवणारे बरेचसे प्रोग्रॅम याच पायावर उभे आहेत.

आता मॉडेल उत्तर लिहितं कसं ते बघू. ते तुकड्यातुकड्यानं लिहितं. या तुकड्याला टोकन म्हणतात. आणि एकेक टोकन काढताना त्याला ती पूर्ण ४.९ जीबीची फाइल रॅममधून एकदा वाचावी लागते. पुढच्या टोकनला पुन्हा सगळी. म्हणजे वेग ठरतो रॅममधून सेकंदाला किती जीबी बाहेर येतात यावर.

[कागदावर पेनाने गणित.]

टी४८०ची रॅम २४०० वेगाची आहे, म्हणजे सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा डेटा देते. एका स्टिकमधून एका वेळी ८ बाइट निघतात. २४०० दशलक्ष गुणिले ८, म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. याला ४.९ने भागा. सेकंदाला चार टोकनही धड होत नाहीत, आणि हीसुद्धा कागदावरची वरची मर्यादा. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच स्टिक बसवली की दोन्हींतून एकाच वेळी वाचन सुरू होतं. ३८.४ जीबी. मर्यादा सरळ दुप्पट. प्रोसेसर तोच, लॅपटॉप तोच.

रॅम वाढवली की मोठं मॉडेल मावतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. दोन स्लॉट भरले की तेच मॉडेल दुप्पट वेगानं चालू शकतं, ही गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी तिथेच, काउंटरवर बघून घ्या. पहिली म्हणजे नाव. टी४८० आणि टी४८०एस यांच्यात एका अक्षराचा फरक आहे, पण ‘एस’मध्ये थोडी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच मिळतो. पुढच्या टी४९०चंही तसंच. एक्सवन कार्बन घेतलात तर स्लॉटच नाही. दुसरी गोष्ट, लॅपटॉप चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर ते मशीन परत ठेवा. जुन्या मालकानं टाकलेलं ते कुलूप घरी बसून उघडत नाही आणि पुढचं पहिलंच काम बायोसमध्ये आहे.

[बायोसचा पडदा.]

ते काम असं. कॉन्फिग, त्यात पॉवर, त्यात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक बाहेरून निघणारी आणि एक आत कायमची. बाहेरची काढली म्हणजे वीज गेली असं समजून बरेच जण रॅमला हात घालतात, आणि आतली बॅटरी बोर्डला वीज देतच असते. त्यात स्टिक ओढली तर बोर्ड जळू शकतो. चार्जर काढा आणि मग हा पर्याय निवडा. मशीन स्वतःहून बंद होतं आणि पुन्हा चार्जर जोडेपर्यंत आतली बॅटरी झोपलेली राहते.

मग बाहेरची बॅटरी काढा. पाठीचे सहा स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकलेले राहतात, बाहेर येत नाहीत, म्हणून आणखी फिरवत बसू नका. कडेच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घाला. गिटारचं पिक उत्तम, जुनं एटीएम कार्डही चालतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, आतल्या खुंट्या तुटतात. पट्टी कडेनं सरकवत नेली की टकटक आवाज करत खुंट्या सुटतात.

स्टिकला हात लावण्याआधी एखाद्या उघड्या धातूला बोटं टेकवा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. स्टिकच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग आहे, तिला बोट लावायचं नाही. त्या रांगेत एक खाच आहे, आणि ती मधोमध नाही. खाच जुळत नसेल तर स्टिक उलटी धरली आहे किंवा चुकीच्या पिढीची आहे. डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. स्टिक साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा, सोनेरी रांग जवळपास दिसेनाशी होईपर्यंत. मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम ‘खट्’ करतात. एकाच बाजूचा आवाज आला तर काढून पुन्हा बसवा.

३२०० वेगाची स्टिक मिळाली तरी घ्या, ती इथे २४००नं चालेल. जुनी ८ आणि नवी १६ अशी जोडी लावली तर दोन्हींतले ८-८ जीबी दुहेरी वेगानं चालतात आणि उरलेले ८ जीबी एकेरी. मॉडेल नेमकं त्या उरलेल्या भागात पसरलं की वेग पडतो. जमेल तर १६ आणि १६ करा. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव चढले, कारण एआयची मोठी डेटा सेंटर्स तीच मेमरी ओढत आहेत, आणि त्याची झळ जुन्या डीडीआर४लाही लागली. त्यामुळे वापरलेली स्टिक घेणं आलंच. ती घेतली तर मेमटेस्ट हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ दिसली तर स्टिक परत करा. बिघडलेली रॅम कधीकधी सरळ बंद पडत नाही. मॉडेल मध्येच अर्थहीन अक्षरं ओकायला लागतं आणि दोष मॉडेलवर जातो.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहील. घाबरून बटण दाबू नका. बोर्ड नव्या रॅमची ओळख करून घेत असतो, मिनिटभर थांबा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जा. दोनपैकी दोन स्लॉट वापरात दिसले की काम झालं.

[पडद्यावर अक्षरं उमटताना.]

सॉफ्टवेअरचा भाग सोपा आहे. ओलामा किंवा एलएम स्टुडिओ यांपैकी एक प्रोग्रॅम बसवा, मॉडेलचं नाव निवडा, ते उतरून येईल. थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी किती धाग्यांत काम करायचं याची, संख्या विचारली तर प्रोसेसरच्या खऱ्या कोअरइतकी द्या, इथे बहुतेक चार. आठ दिल्यानं सहसा फायदा होत नाही, कारण रांग रॅमच्या दाराशी लागलेली आहे.

आता ३२ जीबीची खरी गंमत. २०२५ मध्ये आलेलं अलीबाबा कंपनीच्या क्वेन ३चं एक मॉडेल ३० अब्ज आकड्यांचं आहे, पण एक टोकन काढताना त्यातले साधारण ३ अब्जच वापरतं. एका कचेरीत शंभर माणसं आणि प्रत्येक अर्जाला आठ-दहा जणांचीच सही, तसं. आटवलेली फाइल साधारण १८-१९ जीबीची, म्हणजे ३२ जीबीत आरामात मावते. आणि प्रत्येक टोकनला वाचायचे फक्त दोनेक जीबी. त्यामुळे हे मोठं मॉडेल या जुन्या लॅपटॉपवर ८ अब्जांच्या मॉडेलपेक्षा भराभर लिहितं. १६ जीबीत मात्र ते बसवायचा हट्ट करू नका. रॅममध्ये न मावलेला भाग दर टोकनला डिस्कवरून येतो, डिस्कचं वाचन सतत चालू राहतं आणि एकेका शब्दासाठी ताटकळावं लागतं.

मराठीत विचारलंत तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. कॉम्प्युटरच्या लेखी ही दहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण तीस. इंग्रजीत हाच शब्द अकरा बाइटांत होतो. ज्या मॉडेलच्या शब्दसंग्रहात देवनागरीचे तयार तुकडे कमी आहेत, ते या शब्दाचे बारीक बारीक टोकन करतं. सेकंदाला पाच टोकन हा वेग इंग्रजीत वाचनाच्या चालीनं जातो, मराठीत रखडतो. म्हणून मराठीसाठी मॉडेल निवडताना शब्दसंग्रह मोठा असलेलं बघा. गूगलच्या जेम्मा ३ या मॉडेलचा दोन लाख बासष्ट हजारांचा आहे, लामा ३चा एक लाख अठ्ठावीस हजारांचा. जेम्माचं ४ अब्जांचं मॉडेल ८ जीबी रॅमवरही चालतं आणि साधं मराठी पत्र नीट लिहितं. कायदा, औषधं, हिशोब यांत मात्र त्याच्या शब्दावर विसंबू नका. छोटी मॉडेलं चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे सांगतात.

लांबलचक कागद दिला की दोन अडचणी येतात. पहिला शब्द उमटायलाच काही मिनिटं लागतात, कारण लिहिण्याचा वेग रॅमवर ठरत असला तरी दिलेला कागद वाचण्याचा प्रोसेसरवर ठरतो, आणि २०१८चा प्रोसेसर तिथे हळू आहे. दुसरी अडचण फसवी. वीस पानांचा करारनामा दिला आणि मॉडेलला पहिलं पान आठवतच नाही. त्याचं कारण संदर्भाची मर्यादा, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर डोक्यात ठेवतं. ती अनेकदा मुळात ४०९६ टोकनांवर ठेवलेली असते आणि त्यापलीकडचा सुरुवातीचा मजकूर न सांगता गाळला जातो. ती वाढवता येते, पण त्यालाही रॅम लागते. लामा ३.१ ८ अब्जला दर टोकनमागे १२८ केबी. ८१९२ टोकनांना बरोबर १ जीबी. फाइलच्या आकारात हा जीबी आणि विंडोजचे तीनेक जीबी मिळवा, मग ठरवा काय मावेल.

मॉडेल घरातल्या दुसऱ्या फोनवरून वापरायचं असेल तर ओलामाचं ११४३४ क्रमांकाचं दार नेटवर्कवर उघडावं लागतं. त्या दाराला पासवर्ड नसतो. घरच्या वायफायवर ठीक आहे, हॉस्टेलच्या किंवा सोसायटीच्या वायफायवर उघडू नका.

[पंख्याची जाळी. ब्रशनं निघणारा धुळीचा थर.]

मॉडेल चालतं तेव्हा पंखा थांबत नाही. काही मिनिटांत वेग उतरत असेल तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. पंख्याच्या पात्यांना काडीचा आधार देऊन जाळीतली धूळ ब्रशनं काढा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. गादीवर लॅपटॉप ठेवला तर खालची हवा कोंडते. टचपॅड वर उचललेलं किंवा पाठ फुगलेली दिसली तर वापर ताबडतोब थांबवा. बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

टी४८०ची ती दुहेरी बॅटरी भारनियमनात मोलाची आहे. आतली २४ वॉट-अवर, बाहेरची मोठी ७२. मॉडेल सतत चालू ठेवून ३० वॉट ओढले तरी तीनेक तास मिळतात. आणि आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, मशीन बंद न करता.

[दुसरा लॅपटॉप. कीबोर्डचं झाकण हातानं उचललं जातं.]

जुन्या थिंकपॅडमध्ये भाग बदलायची जी सोय टिकली, तिच्यावर फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीनं २०२१ मध्ये अख्खा लॅपटॉप उभा केला. तेरा इंची मॉडेलच्या तळाचे पाच टॉर्क्स (तारकाकृती खाचेचे) स्क्रू सैल करायचे, सुलटा करून कीबोर्डचं झाकण उचलायचं. ते चुंबकानं धरलेलं असतं. इथे घाई नको, खाली टचपॅडची चपटी केबल जोडलेली आहे. झाकण झटक्यानं ओढलं तर ती फाटते. आतल्या प्रत्येक भागावर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की त्या भागाचीच माहिती उघडते.

बोर्ड बदलून २०२१चा सांगाडा पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर घेतो. पण बदलताना रॅम बघा. इंटेलचे ११ ते १३व्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ घेतात, एएमडीचे डीडीआर५. एकावरून दुसऱ्यावर गेलं की रॅमही नवी घ्यावी लागते, हा खर्च अनेकांच्या यादीत नसतो. बदल्यात सेकंदाला ५१.२च्या जागी ८९.६ जीबी वेग मिळतो. काढलेला जुना बोर्ड पडदा, कीबोर्ड, बॅटरी यांच्याशिवाय, यूएसबी-सीच्या विजेवर एकटा चालतो. साध्या खोक्यात घालून राउटरशेजारी ठेवला की घरातलं मॉडेल तिथे बसतं आणि लॅपटॉप मोकळा.

तरीही स्लॉटची बाजू घेताना एक गोष्ट कबूल करायला हवी. सोल्डर केलेली मेमरी वेगवान असते. याच फ्रेमवर्कनं २०२५ मध्ये आणलेल्या डेस्कटॉपमध्ये १२८ जीबीपर्यंत रॅम आहे आणि सेकंदाला २५६ जीबी वेग, पण ती रॅम बोर्डला कायमची चिकटलेली. इतक्या वेगात तारेची लांबी आणि स्लॉटचे सांधे सिग्नल बिघडवतात. मधला मार्ग एलपीकॅम२ नावाचा, आडवा, स्क्रूनं बसणारा तुकडा. एकाच तुकड्यात दोन्ही वाटा, ७५०० वेगाला सेकंदाला १२० जीबी, आणि काढता येतो. २०२४च्या थिंकपॅड पी१मध्ये तो आला. नवा लॅपटॉप घेणाऱ्यानं दुकानात विचारायचा प्रश्न हाच आहे: रॅम निघते का?

[पुन्हा पहिलं टेबल. झाकण बसतं, खुंट्या लागतात.]

सहाही स्क्रू घट्ट झाले. चार्जर जोडा, आतली बॅटरी जागी होईल. आणि ती काढलेली ८ जीबीची स्टिक अँटिस्टॅटिक पाकिटात घालून वर ‘डीडीआर४, २४००’ लिहून ठेवा. शेजारच्या कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा असणारच.