ऐन युद्धात सेनापती बदलायचा अधिकार पुढाऱ्याला कुणी दिला?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता टाळता येत नाही. "युद्ध चालू असताना सेनापती बदलायचा, तोही खादीतल्या नाहीतर सुटातल्या माणसाने? त्याला लढाईतलं काय कळतं?" युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी फेब्रुवारी 2024 मध्ये सरसेनापती झालुझनींना बाजूला करून सिर्स्कींना आणलं, तेव्हापासून हे सुरू आहे.

प्राथमिक भाग पटकन उरकतो. युद्ध करायचं का, कुठवर करायचं, कधी थांबायचं हे निवडून आलेलं सरकार ठरवतं. कसं लढायचं हे बहुतेक सैन्य बघतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षच सरसेनापती असतो. नागरिकशास्त्राचा तास संपला.

आता माझं खरं दुखणं: कोरियन युद्धातला अमेरिकी सेनापती मॅकआर्थर, ज्याला राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने काढलं. दर वेळी कुणीतरी लिहितंच: "मॅकआर्थरला अणुबॉम्ब टाकायचा होता म्हणून ट्रूमनने त्याला काढलं." दुसरा लिहितो: "तो हरला म्हणून काढलं." खरं सांगू? पहिलं वाक्य मीही एका जुन्या व्हिडिओत ठोकून दिलंय. शोधू नका, प्लीज.

तारखा बघा. सप्टेंबर 1950, कोरियातल्या इंचॉन बंदरावर सैन्य उतरवण्याचं धाडस, मॅकआर्थर हिरो. नोव्हेंबरअखेर चिनी फौजा तुटून पडल्या, मोठी माघार घ्यावी लागली. हरल्याबद्दल काढायचं असतं तर तेव्हाच काढला असता ना? नाही काढला. डिसेंबरमध्ये फक्त आदेश निघाला, की परराष्ट्र धोरणावर जाहीर बोलायचं तर आधी मंजुरी घ्या. मार्च 1951 मध्ये ट्रूमन युद्धबंदीच्या प्रस्तावाची तयारी करत होते, आणि 24 तारखेला मॅकआर्थरने परस्पर चीनला जवळजवळ दमच भरला. प्रस्ताव बारगळला. मग 5 एप्रिलला विरोधी पक्षाचे सभागृहातले नेते जोसेफ मार्टिन यांनी मॅकआर्थरचं पत्र सभागृहात वाचून दाखवलं, त्यात सरकारच्या धोरणावर सरळ टीका. 11 एप्रिलला मॅकआर्थर घरी, त्याच्या जागी रिजवे. तेही धड जमलं नाही: घोषणा रात्री एकला, आणि स्वतः मॅकआर्थरला बातमी रेडिओवरून फिरत आली! पण ज्या लष्करप्रमुखांचा सल्ला घेतला होता, त्यांनीही काढायला संमती दिली होती. हे कमेंटवाले सोयीस्कर विसरतात.

म्हणजे गुन्हा मत वेगळं असण्याचा नव्हता, सरकारला डावलून ते परस्पर जाहीर करण्याचा होता. परत सांगतो, वेगळं मत असणं हा गुन्हा नाहीच.

"मग माणेकशॉंनी इंदिराजींना लगेच युद्धाला नाही म्हटलं, ते चाललं कसं?" अहो, तेच तर! माणेकशॉ स्वतः सांगायचे तो किस्सा एप्रिल 1971 चा. आत्ता नाही, पावसाळा येतोय, तयारी नाही, हे त्यांनी बैठकीत, तोंडावर सांगितलं. वर्तमानपत्राला नाही सांगितलं, विरोधी पक्षाला पत्र नाही लिहिलं. सरकारने ऐकलं, युद्ध डिसेंबरात झालं. नसतं ऐकलं तर त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते, आदेश पाळा नाहीतर राजीनामा द्या. तिसरा रस्ता म्हणजे मॅकआर्थर.

आमच्या एडिटरचं बघा. व्हिडिओ लांबलाय म्हणून तो माझ्याशी अर्धा तास भांडतो. मी म्हणतो राहू दे, तो ठेवतो. व्हिडिओ आपटला की माझी चूक. आता त्याने माझ्या न कळत तोच भाग कापून अपलोड केला असता, तर? आणि समजा, कापल्यामुळे व्हिडिओ जास्त चालला असता, तर? (तो मागे हसतोय. हे मात्र कापू नकोस.)

इथेच लोकांची गाडी अडते. त्यांना वाटतं नागरी नियंत्रण म्हणजे पुढारी सेनापतीपेक्षा शहाणा असतो. अजिबात नाही! अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लिंकनचंच घ्या. त्याचा सेनापती मॅक्लेलन एवढा गर्विष्ठ, की नोव्हेंबर 1861 मध्ये राष्ट्राध्यक्ष घरी येऊन बसलेत हे कळूनही वर जाऊन झोपला. लिंकनने गिळलं. अँटिटमच्या लढाईनंतर मॅक्लेलन शत्रूचा सेनापती ली याचा पाठलाग करीना, घोडे दमलेत म्हणाला. लिंकनने विचारलं, लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलंय तरी काय की ते दमावेत? नोव्हेंबर 1862 मध्ये काढला. आणला कुणाला? बर्नसाइडला, ज्याने हे पद आधी दोनदा नाकारलं होतं! महिन्याभरात फ्रेडरिक्सबर्गची लढाई, त्याचेच 12,000 हून जास्त सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता. निवड चुकली, सपशेल चुकली. पण ती चूक करायचा अधिकार लिंकनचाच होता, आणि जाबही मतदारांना त्यालाच द्यायचा होता.

मग आला हूकर. देशाला हुकूमशहा हवाय असं बडबडणारा. लिंकनने त्याला पत्रात लिहिलं, त्याचा आशय असा: हुकूमशहा जिंकणारे सेनापतीच होऊ शकतात, तुम्ही मला विजय द्या, हुकूमशाहीचा धोका मी पत्करतो. बघा, तोंडाळपणा चालवून घेतला. चॅन्सलर्सव्हिलला तोही हरला. मग गेटिसबर्गच्या लढाईच्या तीन दिवस आधी त्याच्या जागी मीड. आणि मार्च 1864 मध्ये सगळ्या फौजांवर ग्रँट. तोपर्यंत लिंकन चाचपडतच होता.

एक जण वैतागून लिहितो, "मग सेनापतीने गप्प बसायचं का?" नाही हो. मॅक्लेलनच्या हकालपट्टीनंतर त्याचे सैनिक चिडले होते, वॉशिंग्टनवर चाल करून जाऊ असं काही जण बोलत होते. त्याने शांतपणे सूत्रं बर्नसाइडकडे दिली. तो गर्विष्ठ होता, पण इथे त्याचं मला कौतुक वाटतं. 1864 मध्ये तो लिंकनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, मतं मागितली आणि राज्यांच्या प्रतिनिधींच्या (इलेक्टोरल) मतांत 212 विरुद्ध 21 असा आपटला.

ट्रूमनचं काय झालं? मॅकआर्थरचं मायदेशी दणक्यात स्वागत झालं, ट्रूमनची लोकप्रियता तळाला गेली. 1952 ला ते उभेच राहिले नाहीत. त्यांच्या जागी कोण निवडून आलं? आयझेनहॉवर. जनरलच, पण गणवेश उतरवून आलेला.

आता झालुझनींवर स्वतंत्र व्हिडिओ करा म्हणणाऱ्यांना: करतो, पण अणुबॉम्बवाली कमेंट दिसली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार.