दिवा वर, भार लाकडावर

[दृश्य: रिकामा स्टुडिओ, मधोमध लाकडी चौकट]

प्रेक्षकाला उजेड दिसतो, लाइट दिसत नाही. तो ज्या फळीला टांगलाय, तिच्याखाली मात्र माणूस बसलेला असतो.

चौकट साधीच आहे. दोन खांब, वर आडवी फळी. फळी ३८ बाय ८९ मिलिमीटरची. ती निजवून लावायची की कडेवर उभी? निम्मं काम या प्रश्नातच आहे. तीच फळी उभ्या कडेवर ठेवली, तर निजवलेल्या फळीपेक्षा साधारण साडेपाच पट कमी वाकते. लाकूड तेच, पैसेही तेच! खांबांमधलं अंतर दुप्पट केलं, तर मधोमध टांगलेल्या त्याच लाइटनं फळी आठपट वाकते. तेव्हा रुंद चौकटीचा हट्ट नको. मध्ये तिसरा खांब येत असेल, तर खुशाल येऊ द्या.

[दृश्य: फळीवरून फिरणारा हात, गाठीपाशी थांबतो]

ओझ्याखाली फळीची खालची कड ताणली जाते, वरची दाबली जाते. ताण पडतो तिथे गाठ असेल, तर फळी तिथूनच तडकते. बारीक गाठ वरच्या कडेला घ्या. मोठी असेल, तर फळीच बदला.

[दृश्य: खांबाच्या डोक्याला पाडलेली खाच]

आता जोड. फळी खांबाच्या अंगाला नुसत्या स्क्रूवर लटकवली, की सगळं वजन त्या स्क्रूवर. खांबाला खाच पाडून फळी तिच्यात बसवा. वजन लाकडावर टेकतं, बोल्ट फक्त फळीला जागेवर धरून ठेवतो. फळीच्या टोकातून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मारलेल्या स्क्रूवर तर विसंबूच नका. तिथे पकड फार कमी. कोपऱ्यांत तिरके टेकू हवेत, नाहीतर चौकट बाजूला झुकते. पुढे-मागे कलंडू नये म्हणून खांबांना रुंद पाय.

हॅलोजन असेल, तर लाकडापासून चांगला लांब. तो भयंकर तापतो. एलईडी कमी तापतो, पण त्याच्याही पाठीला मोकळी हवा लागते.

[दृश्य: क्लॅम्प, शेजारी पोलादी वायर]

लाइट फळीला पकडून ठेवणारा क्लॅम्प कितीही घट्ट असो, तो सुटलाच तर लाइट अडवायला जोडीला सेफ्टी वायर हवीच. ती क्लॅम्पमध्ये नव्हे, थेट फळीभोवती, आणि आखूड. वायर लांब असेल, तर पडणारा लाइट तिला जोरात हिसका देतो.

लाइट चढवण्याआधी त्याच्या दुप्पट वजनाची वाळूची पिशवी रात्रभर टांगा. खाली कुणी नको. सकाळी फळीला बाक दिसला, तर ती उतरवा. नाही दिसला, तरी काही आठवड्यांनी नट पुन्हा आवळा. लाकूड सुकताना आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात.