थुंकीवरून कॅन्सर कळतो का? किटची लिंक मागणाऱ्या सगळ्यांसाठी

राम राम मंडळी. आवाज येतोय ना? मागं गिरणी चालूय, त्याला माझा इलाज नाही, लाईट आत्ताच आलीय आन् सगळी गल्ली दळण उरकून घ्यायलीय.

तर विषय. मागचे पंधरा दिवस एकच प्रश्न. "भाऊ, थुंकीवरून १० मिनिटात कॅन्सर कळतो म्हणं, खरंय का?" आन् त्याच्याखाली लगेच दुसरा, "किटची लिंक टाका." आरे बाबांनो, मी लॅब टेक्निशियन हाय, किराणा दुकान नाही. आन् ज्याच्यावरून हे विचारताय तो फॉरवर्ड मलाबी आलाय, माझ्या चुलत्यानी पाठवला, तंबाखू मळता मळता पाठवला आसंल.

फॉरवर्ड पुरता खोटा नाही, हे आधी सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसला यूसीएलए नावाचं विद्यापीठ हाय, तिथं डेव्हिड वाँग म्हणून संशोधक हायत, दाताच्या कॉलेजातले, लई वर्षं लाळेवर काम करायलेत. ते १० मिनिटाचं प्रकरण त्यांचंच, २०१६ च्या सुमाराला लई गाजलं, पण ते फुप्फुसाच्या कॅन्सरमधला एक ठराविक जनुकीय बदल लाळेत सापडतो का यासाठी होतं. कॅन्सर हाय का नाही आसं सगळ्या गावाला विचारत फिरायचं मशीन नव्हतं ते.

लाळेत कॅन्सरची खूण येते कशी, हे पटकन सांगतो. लाळ म्हंजे ९९ टक्के पाणी, दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होती, तिच्या ग्रंथीभवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आसतं, रक्तातलं थोडंफार तिच्यात झिरपतं. आन् गाठ तोंडातच आसंल तर तिच्या पेशी, प्रथिनं, आरएनए थेट लाळेत सुटतात. झालं. आरएनए म्हंजे पेशीच्या आत चाललेल्या कामाची चिठ्ठी समजा. आधी मानायचे की लाळेत आसली चिठ्ठी टिकूच शकत नाही, कारण लाळेत तिला खाणारी एन्झाईम्स भरपूर. वाँग यांच्या टीमनी २००४ ला दाखवलं की टिकती, आन् तोंडाच्या कॅन्सरवाल्यांच्या लाळेत सात चिठ्ठ्या जास्त दिसतात.

आता थुंकी आन् लाळ यातला फरक. एक दादा म्हणले, "डबीत बेडका काढून ठेवलाय, कुठं देऊ?" दादा, तो टीबीच्या तपासणीचा नमुना, तो छातीतला. लाळेच्या टेस्टला खाकरायचं नाही. तासभर आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू नाही, पाण्यानी चूळ भरायची, मान खाली घालून गप बसायचं आन् तोंडात आपोआप साचतंय ते डबीत सोडायचं. नळी लगेच बर्फात. आता मला सांगा, मे महिन्यात ४२ डिग्रीत, दिवसाला आठ तास लाईट नाही, आन् समोरचा माणूस तंबाखूबिगर तासभर बसणार. बर्फाची सोय होईल एक वेळ, पण तासभर बिनतंबाखूचा मामा कुठून आणायचा.

बरं, आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. ती म्हंजे हे "९१ टक्के".

त्या २००४ च्या अभ्यासात ३२ पेशंट होते आन् ३२ निरोगी माणसं. टेस्टनी १०० पेशंटमागं ९१ ओळखले, आन् १०० निरोग्यामागं ९१ निरोगीच आसल्याचं सांगितलं. भारी काम, दुमत नाही. पण आपल्याकडं त्याचा अर्थ काय होतो? टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हंजे ९१ टक्के कॅन्सर हायच. नाही ना बाबा. नाही.

पाणाडी बगितलाय ना? हातावर नारळ ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो हितं बोर घ्या. आता पाणाड्याला खरंच कळतं का यावर कमेंटमधी भांडू नका, समजा कळतं, शंभरात ९१ वेळा बरोबर. त्याला जायकवाडीच्या कालव्याखाली न्या, जिथं दोन जागांपैकी एका जागी पाणी लागतंयच. १०० जागी फिरवला तर तो ५० जागी "हाय" म्हणंल, त्यातल्या ४५ जागी पाणी. देवमाणूस! गावात सत्कार. आता तोच माणूस, तोच नारळ, आष्टी-पाटोद्याच्या माळावर आणा, जिथं समजा १००० जागांत ५ जागी पाणी हाय. त्या पाचातल्या चार-पाच तो ओळखंल. पण उरलेल्या ९९५ कोरड्या जागा, तिथं शंभरात नऊ वेळा चुकणार, म्हंजे नव्वदेक जागी उगंच "हाय" म्हणणार. एकूण ९५ बोर पाडायचे आन् पाणी पाचाला. पाणाडी बिघडला का? नाही. माळ बदलला.

३२ पेशंट आन् ३२ निरोगी म्हंजे कालव्याखालचं रान. गावातल्या सगळ्यांची लाळ तपासणं म्हंजे माळ. एवढंच हाय.

दुसऱ्या बाजूनी सांगतो, कारण मला म्हाइतीय कोणीतरी लिहिणारच की "भाऊ उगं घाबरवायला". लाळेच्या टेस्टमधी त्या ९५ पॉझिटिव्हमधले उगंच निघालेले नव्वद जण कोण आसू शकतात? ज्यांच्या हिरड्या सुजल्यात, दात किडलेत, आसलेबी. त्या सात चिठ्ठ्यांतल्या दोन इंटरल्युकिन नावाच्या प्रथिनांच्या, आन् हे इंटरल्युकिन साध्या सुजेतबी वाढतं. आपल्याकडं हिरड्या चांगल्या किती जणाच्या हायत, आरशात बगा. २०१२ ला वाँग यांच्याच गटानी वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच गटांत मिळून ३९५ जणांवर परत तपासलं, खुणा टिकल्या, पण सगळ्या सारख्या जोरात नाही टिकल्या. आसंच काम पुढं जातं. आन् आपल्याला लिंक पायजे.

तिसरी बाजू निगेटिव्हवाल्यांची, आन् ह्याची मला जास्त भीती. शंभर पेशंटमधले नऊ सुटतात. त्यातला एक जण रिपोर्ट खिशात घालून पानटपरीवर जाईल, "डॉक्टरनी ओके सांगितलंय" म्हणंल आन् आजून दोन पुड्या घेईल. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी हाय, आन् पुड्या कुठं मिळतात ते पाचवीतल्या पोरालाबी म्हाइतीय. नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही, म्हणणारेबी लई भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनी सुपारीलाच २००४ ला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, बिनतंबाखूच्या.

आन् बायकांनो, मिसरी म्हंजे दात घासायची पावडर नाही, भाजलेली तंबाखू हाय ती. एका ताईनी लिहिलंय, "आमच्या आजीनी जन्मभर लावली, काही झालं नाही." ताई, माझे आजोबा जन्मभर बिनहेल्मेट गाडीवर फिरले.

मामांची गोष्ट सांगतो. केजकडचे. गालाच्या आतून पांढरा चट्टा, मग तिथंच जखम. सगळे म्हणले तोंड आलंय. उष्णता झाली, पोट साफ नाही, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तूप लावा, तोंडली खा. चार महिने. मी लॅबमधी काम करणारा माणूस, मीबी म्हणलो "मामा, गोळ्या पूर्ण केल्या का?" ती गोष्ट आजूनबी मला टोचती. मग एका लग्नात जेवताना बगितलं तर मामा पुरी बारीक तुकडे करून खायलेत, तोंड उघडंना. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. डॉक्टरनी जखमेचा बारका तुकडा काढला, बायोप्सी. मामी रडायली, "सुई लावली की पसरतो म्हणं." मंडळी, हेबी एक फॉरवर्डच. बायोप्सीनी कॅन्सर पसरत नाही, बायोप्सी टाळून वेळ घालवली की पसरायला सवड मिळती. आन् लाळेची टेस्ट उद्या शंभर रुपयात गावात आली, तरी पॉझिटिव्ह आलेल्याला शेवटी तुकडा तपासावाच लागणार. मामांचं वेळेत निघालं, ऑपरेशन झालं, खर्च योजनेत बसला. गालाला खड्डा पडलाय, पण धाराशिवला पोरीकडं एसटीनी एकटे जातात.

मग लाळेच्या संशोधनाचा आपल्याला उपेग काय? लई हाय. ज्याच्या तोंडात आधीच पांढरा चट्टा हाय त्याच्यावर लक्ष ठेवायला, ऑपरेशन झालेल्याला परत येतंय का बगायला. म्हंजे पाणाड्याला कालव्याजवळ न्यायचं. भारतात २०२२ च्या अंदाजानी वर्षाला १ लाख ४० हजाराच्या वर नवे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट. आसल्या टेस्टची खरी परीक्षा आपल्याकडंच व्हायला पायजे, आपल्या तोंडावर, आपल्या मिसरीवर. बार्शीला १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात, खेड्यातली पयली नोंदणी ती.

तोवर काय करायचं, आसं विचारणाऱ्यांसाठी. केरळात तिरुवनंतपुरमकडं १९९६ पासून एक लई मोठा अभ्यास झाला. आरोग्य सेवक घरोघर गेले आन् टॉर्च लावून तोंड बगितलं. मशीन नाही, किट नाही. तंबाखू-दारूवाल्यांमधी तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानी कमी झाले. आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात तीस वर्षाच्या वरच्यांचं तोंड बगायची सोय हाय, आरोग्य केंद्रात जाऊन "माझं तोंड बगा" म्हणा, लाजायचं कशाला.

आन् घरी म्हणाल तर मोबाईलचा टॉर्च, आरसा. गालाच्या आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. पांढरा न्हाय तर लाल चट्टा, दोन आठवड्यात न भरलेली जखम, जेवताना लई तिखट लागणं. आन् तीन बोटं उभी तोंडात जातात का बगा. दोनच जायली आसली तर उद्याच डॉक्टर, बी कॉम्प्लेक्स नाही. थांबा, करूनच दाखवतो. कॅमेरा जरा जवळ घे रे. आशी तीन बोटं, एकावर एक, आँ… बोटं तोंडात आसली की बोलता येत नाही, म्हणून हितंच थांबतो.