सर्व्हर तिकडे, आपण इकडे

नमस्कार मंडळी. बॅकअप घ्या असं सांगायला आज आलेलो नाही, ते ऐकून तुमचे कान किटले असतील. समजा बॅकअप आहे, रोज रात्री होतोय, हिरवी टिकसुद्धा येतेय, आणि एका रात्री सर्व्हर उठतच नाही, आणि तुम्ही त्याच्यापासून शेकडो किलोमीटर लांब लॅपटॉप उघडून बसलाय. मग?

पहिली गोची अशी की लांबून मशीन चालवायचे नेहमीचे रस्ते, रिमोट डेस्कटॉप काय किंवा एसएसएच काय, ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असेल तरच चालतं. तीच गेली तर कनेक्ट कशाला करणार? त्यासाठी बऱ्याच सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी नावाची एक वेगळी चिप असते, डेलवाले तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. मशीन बंद असलं तरी वायरीत करंट आहे तोवर ही जागी, हिचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, तोही वेगळा. ब्राउझरमधून आत शिरायचं, रिकव्हरीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, व्हर्च्युअल सीडी म्हणून लावायची, की मशीनला वाटतं कुणीतरी खरंच येऊन सीडी घातली. फक्त ती आयएसओ तुमच्या लॅपटॉपवरून, म्हणजे तुमच्या घरच्या अपलोड स्पीडने जाते, त्यामुळे बूट होईपर्यंत चहा होतो, जेवणही होतं. आणि ही चिप इंटरनेटवर उघडी टाकू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी सुरक्षित जोडणीच्या, मागेच ठेवा.

साध्या पीसीत बहुतेक वेळा ही सोय नसते, तिथे पेनड्राइव्ह लावायला माणूसच हवा. व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएम, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं मशीन) मात्र सुख, खालचा होस्ट, म्हणजे ते खरं मशीन, ठणठणीत असला की कन्सोल, म्हणजे व्हीएमचा स्क्रीन, मिळतोच.

आता हिशोब. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून आणायचा तर लाइन पूर्ण मिळाली तरी साधारण २२ तास लागतात. क्लाउडमध्ये कॉपी ठेवाच, पण एक कॉपी सर्व्हरच्याच नेटवर्कमध्ये, वेगळ्या डब्यावर पाहिजे.

माझीच फजिती सांगतो. रात्री दोनला एक व्हीएम नव्याने रिस्टोअर केलं, शंभर टक्के झालं, कन्सोलवर विंडोजचा लॉगिन स्क्रीन आला, मी खूश, आणि पिंग करतो, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारतो, तर उत्तरच नाही. अर्धा तास फायरवॉलला शिव्या घातल्या. झालं असं होतं की नव्या व्हीएमला नेटवर्क कार्डही नवीन मिळालं, स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवून दिलेला, आयपी राहिला जुन्या कार्डाकडे जे आता दिसतच नव्हतं, आणि नवीन कार्ड बसलं होतं आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीची वाट बघत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइसेस दाखव म्हटलं, तेव्हा ते भूत सापडलं. तसंच जुनं मशीन बायोसवर आणि नवीन यूईएफआयवर (मशीन सुरू करायच्या या दोन वेगळ्या पद्धती) असेल तर रिस्टोअर नीट होऊनही बूट डिव्हाइस नाही म्हणून बोंब मारतं, ते सेटिंग आधीच बघायचं.

हिरव्या टिकेवर तर मुळीच जाऊ नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच उडवला, आणि मग कळलं की रोजचा बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तो फेल झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते. वाचवलं कुणी, तर सहा तास आधी एकाने हाताने काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या कॉपीने.

हां, आणि बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कुठे लिहून ठेवलाय ते बघा जरा. मी एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले, आहे ना, त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर.