गोंद पक्का, तरी जोड का सुटतो?

नमस्कार मंडळी! कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या. एकीचं टोक दुसरीच्या टोकावर ठेवून इपॉक्सी गोंदाने चिकटवलं आणि दोन्हीकडून ओढलं. जोड किती जोर झेलेल? इपॉक्सीची शिअर स्ट्रेंथ (सरकवणारा ताण, म्हणजे शिअर, झेलण्याची ताकद) गुणिले चिकटलेलं क्षेत्रफळ, झालं उत्तर? छे! या हिशोबाने भलेभले फसतात.

ओढल्यावर पट्ट्याही ताणल्या जातात, त्यामुळे शिअर दोन्ही कडांशी गोळा होतो आणि मधला भाग जवळपास निवांत राहतो. फोल्करसेन या संशोधकाने हे १९३८ मध्येच मांडलं होतं. म्हणून लॅप (एकमेकांवर आलेली लांबी) दुप्पट केला तरी ताकद दुप्पट होत नाही. १९४४ मध्ये गोलंड आणि रायस्नर यांनी पुढची मेख दाखवली: पट्ट्या एका रेषेत नसतात, त्यामुळे जोड वाकतो आणि स्टिकर सोलावं तशी कड उचलली जाते. हा पील स्ट्रेस.

कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनने बांधलेल्या धाग्यांचे थर, इथेच मार खातं. धाग्यांच्या दिशेने ते दणकट, पण थराला थर धरून असतो तो फक्त रेझिनच्या जोरावर. तुटलेला नमुना नीट बघा. गोंदावर धागे उपटून आलेत? मग गोंद नाही, पट्टी हरली. एक बाजू स्वच्छ, गुळगुळीत? मग आधी पृष्ठभागाच्या तयारीवर संशय घ्या.

आता संगणकावरचं सिम्युलेशन. जोडाच्या कोपऱ्यात मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक करत गेलात की ताणाचा आकडा चढतच जातो, त्यामुळे 'कमाल ताण' बघून निकाल देता येत नाही. इथे कामाला येतं कोहेसिव्ह झोन मॉडेल: भेग जिथे पडू शकते तिथे घातलेला थर, जो ताण आणि फट यांचं नातं सांगतो. फट उघडू लागली की ताण वाढतो, शिखर गाठतो आणि उतरत शून्यावर येतो. उतारावर डॅमेज ० (शाबूत) पासून १ (पूर्ण सुटलेलं) पर्यंत जातं. या ताण-फट आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे भेगेचा नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा, दर चौरस मीटरमागे. ती चाचणीतून मोजतात: उघडणाऱ्या भेगेसाठी डीसीबी (डबल कँटिलिव्हर बीम), सरकणाऱ्या भेगेसाठी ईएनएफ (एंड नॉच्ड फ्लेक्शर).

एक कोहेसिव्ह थर गोंदात सगळेच घालतात. दुसरा पट्टीच्या पहिल्या दोन थरांमध्ये घालायचा असतो, तो हमखास राहून जातो! मग डिलॅमिनेशन (थरापासून थर सुटणं) मॉडेलमध्ये दिसणार तरी कुठून?

आणि किसिंग बाँड? गोंद टेकलेला असतो, पण धरलेला नसतो. अल्ट्रासाउंडलाही तो अनेकदा चकवतो. म्हणून मॉडेलमध्ये मुद्दाम गोंदाचा एक सुटलेला पट्टा ठेवा आणि उरलेला जोड भार पेलतो का, ते तपासा.