कात्री सर्वांत शेवटी
(हस्तकला अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो,

जुन्या लोकरी स्वेटरातून नवी वस्तू करायची म्हटली की बहुतेकांचा हात प्रथम कात्रीकडे जातो. कात्री सर्वांत शेवटी हाती घ्यावी, एवढाच माझा आजचा आग्रह आहे. स्वेटर कशाचा आहे, तो कसा विणला आणि जोडला आहे, आणि त्याची लोकर आता कोणत्या अवस्थेत आहे, या तीन गोष्टी नीट पाहिल्या की त्यातून काय करावे हे बरेचसे तो स्वेटरच ठरवून देतो. त्या न पाहता कापले, तर कापल्या कडेचे टाके सुटत जातात आणि चांगली लोकर वाया जाते.

लोकरीचा पुनर्वापर ही अलीकडची हौस नव्हे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बॅटली या गावी, बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. या मालाला 'शॉडी' म्हणतात. इटलीतील प्रातो शहराने हाच व्यवसाय पुढे मोठ्या कौशल्याने वाढवला आणि आपल्याकडे हरियाणातील पानिपत त्याचे केंद्र झाले. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे तिथे उतरतात, स्त्रिया त्यांची बटणे, चेन आणि अस्तरे काढतात आणि मग रंगारंगाचे ढीग लावले जातात. लाल चिंध्यांतून लाल सूत निघते, त्यामुळे पुन्हा रंगवण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा मोठा खर्च वाचतो. भूकंप-पुरानंतर वाटली जाणारी जाड, करड्या रंगाची ब्लँकेटे अनेकदा याच सुतातून विणलेली असतात.

या उद्योगाविषयी मला आदर आहे, पण त्याची एक मर्यादा आहे आणि हाताने काम करणाऱ्यांचे महत्त्व तिच्यातूनच कळते. यंत्राच्या दातांखाली फाटताना लोकरीचा तंतू तुटून आखूड होतो. आखूड तंतूचे सूत कमजोर निघते, म्हणून त्यात नवी लोकर किंवा कृत्रिम धागा मिसळावा लागतो, आणि तेच कापड पुन्हा फाडले की तंतू आणखी तुटतो. आपण मात्र स्वेटर उसवला किंवा तो आटवून वापरला, तर तंतू आहे तेवढाच लांब राहतो. म्हणून ज्या स्वेटरात अजून जीव आहे, तो यंत्राकडे जाण्याआधी एकदा हातात यावा.

आता स्वेटरच्या परीक्षेकडे वळू. महाराष्ट्रात ही पायरी टाळून चालत नाही, कारण आपल्या घरांतले बहुतेक स्वेटर लोकरीचे नसतातच. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांकडेला तिबेटी विक्रेते जे स्वेटर विकतात, ते बहुतांशी लुधियानाहून येतात आणि त्यांत ॲक्रिलिकचा, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, भरणा मोठा असतो. आपल्या आया-आत्यांनी हाताने विणलेले अनेक स्वेटरही, दुकानात 'लोकर' म्हणूनच मिळणाऱ्या ॲक्रिलिक धाग्याचे आहेत. लेबल असेल तर वाचावे, नसेल तर विणीतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, वाटीवर जाळून पाहावा. शिवणीतला धागा घेऊ नये, कारण शिवण पुष्कळदा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते आणि फसगत होते. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली की तिची भुकटी होते. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि त्याचा कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे थोडी थोडी दिसतात.

स्वेटर हाताने विणलेला असेल, धागा जाड आणि शाबूत असेल, तर तो उसवावा, मग तो लोकरीचा असो वा ॲक्रिलिकचा. हे काम आपल्या घरांना नवे नाही. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवून, दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून धाकट्यासाठी विणायचा, ही पद्धत कित्येक घरांत होती. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. त्या काळात विणायच्या लोकरीलाही कुपन लागत असे, आणि जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याचा प्रचार सरकारनेच केला. उसवण्याआधी बाजूची शिवण आतून पाहावी. दोन भाग स्वतंत्र विणून नंतर धाग्याने जोडलेले असतील, तर जोड सोडवून प्रत्येक भागाचा अखंड धागा मिळतो. कारखान्यात कापड कापून कडेला ओव्हरलॉक, म्हणजे कड सुटू नये म्हणून यंत्राने घातलेली शिवण, मारलेले असेल, तर प्रत्येक ओळीला तुकडाच हाती येतो. असा स्वेटर उसवण्यात वेळ घालवू नये. विणकाम जिथे संपवले, त्या टोकाकडून सुरुवात करावी. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लड करावी, ती चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगावी. अनेक वर्षे टाक्यांत राहिलेली धाग्याची वळणे अशी निघतात. ती न काढता विणले तर नवी वीण खडबडीत दिसते.

उसवण्यासारखा नसलेला, पण खऱ्या लोकरीचा स्वेटर असेल, तर मला सर्वांत प्रिय असलेले काम सुरू होते: तो मुद्दाम आटवणे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांचा रोख टोकाकडे असतो. गरम पाणी, साबण आणि रगडणे यांचा एकत्र परिणाम झाला की तंतू एकाच दिशेने सरकत एकमेकांत अडकतात आणि मागे फिरू शकत नाहीत. काश्मीरचा नमदा याच गुणावर उभा आहे. तिथे लोकरीचे थर चटईवर पसरून, साबणाचे पाणी शिंपडून, गुंडाळी करून दाबत लोळवतात आणि न विणताच दाट कापड तयार होते. आपल्याला तोच परिणाम विणलेल्या स्वेटरावर घडवायचा आहे. स्वेटर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे, म्हणजे सुटलेले तंतू धुलाई यंत्राच्या नळीत अडकत नाहीत. घर्षणासाठी सोबत एखादी जुनी जीन्स टाकावी. पाणी सुमारे साठ अंशांचे असावे. वरून कपडे टाकायच्या यंत्रात पाणी तापत नसेल, तर यंत्राच्या सूचना पाहून बाहेरून गरम पाणी घालावे किंवा सरळ बादलीत हाताने रगडावे. अधूनमधून काढून पाहत राहावे. टाके वेगळे दिसेनासे झाले आणि कडेला छोटा छेद देऊन ओढल्यावर धागा सुटला नाही, की थांबावे. 'मशीन वॉश' लिहिलेली काही लोकर अजिबात आटत नाही, कारण खवल्यांचा परिणाम नाहीसा व्हावा म्हणून तिच्यावर क्लोरीन आणि राळेची प्रक्रिया केलेली असते.

आता कात्री घ्यावी. २० जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला सिनेटर बर्नी सँडर्स जे हातमोजे घालून बसले होते, ते व्हर्मॉन्टमधील एका शिक्षिकेने जुन्या लोकरी स्वेटरांतून शिवलेले होते आणि आतून प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या फ्लीसचे, म्हणजे मऊ, उबदार कापडाचे, अस्तर होते. जगभर गाजलेल्या त्या छायाचित्रात मला रस आहे तो कापणीसाठी. असा हातमोजा बेतताना मनगटाची बाजू स्वेटरच्या खालच्या घेरावर, म्हणजे उलट-सुलट टाक्यांच्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीवर ठेवावी. ती पट्टी मूळ विणणाऱ्याने घट्ट बसण्यासाठीच घातलेली असते. आपल्याला वेगळे इलॅस्टिक लावावे लागत नाही आणि कडही दुमडावी लागत नाही. ताण मात्र हाताच्या रुंदीच्या दिशेने यायला हवा.

याच न्यायाने बाही पाहावी. आटलेल्या बाहीचा निमुळता आकार पाण्याच्या बाटलीच्या खोळीला जवळजवळ तयारच मिळतो, तळाला एक गोल तुकडा जोडला की झाले. पाठीचा सपाट भाग शेकायच्या रबरी पिशवीच्या वेष्टणाला उत्तम, कारण लोकर उष्णता धरून ठेवते. मोठ्या तुकड्यांचे चौकोन काढून, कडेने ब्लँकेट टाका घालून पांघरूण करता येते; गोधडी शिवणाऱ्या हातांना ते मुद्दाम शिकवावे लागणार नाही. फक्त सगळे चौकोन सारख्या जाडीचे निवडावेत, नाहीतर पातळ तुकडा आधी विरतो.

आलेला प्रत्येक स्वेटर उजेडात धरून कसर पाहावी. बारीक भोके दिसली, तर तो प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि त्यानंतरच बाकी लोकरीजवळ आणावा. आटवल्यावर लहान भोके बरीचशी मिटतात, मोठी उरतात. त्यांवर बेलबुट्टी काढावी किंवा त्यांना चुकवून कापणी करावी.

या वस्तू विकणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेत १९३९ च्या कायद्याने पुनर्वापरलेली लोकर असल्याचे लेबलावर सांगणे बंधनकारक केले. आपणही वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर ती जुन्या स्वेटरापासून केली आहे, लोकर किती शुद्ध आहे आणि अस्तर कशाचे आहे, हे स्पष्ट लिहावे. थंड पाण्यात, न पिळता धुऊन, सपाट पसरून सावलीत वाळवायचे, हेही त्याच चिठ्ठीवर असावे, कारण आटवलेली लोकर पुन्हा गरम पाण्यात पडली तर आणखी आटू शकते.